वरच्या मजल्यावर रिकाम्या खाटा

हार्लन्स फेरी, अलाबामा
ता. २० एप्रिल १९६६

चि. थिओटिस यास,
ओझेलाताईचे अनेक आशीर्वाद, आणि पत्र न टाकल्याबद्दल पाठीत एक रट्टा. वि. वि.

नाताळापासून तुझं अक्षर दिसलेलं नाही. डेट्रॉइटच्या थंडीत शाईसुद्धा गोठते की काय? की तुझ्या घरमालकिणीची बहीण, ती व्हर्लीन, रताळ्याचा केक खायला घालून तुझे हात चिकट करून ठेवते? कोरीन असती तर तिनं तुझा कान धरला असता. माझी धाकटी बहीण होती खरी, पण नवऱ्याला वळण लावायच्या बाबतीत माझ्याहून दहा पट कडक.

इथली खबर ऐक. आमच्या इस्पितळाला घाम फुटला आहे. जुलैपासून म्हाताऱ्या माणसांचं इस्पितळाचं बिल सरकार भरणार, काळ्यांचं तसं गोऱ्यांचंही. पण वॉशिंग्टनचा हुकूम असा की जिथे काळे-गोरे एकाच वॉर्डात शेजारीशेजारी ठेवत नाहीत, त्या इस्पितळाला एक छदाम मिळायचा नाही. दोन वर्षांपूर्वी असा भेद करू नये म्हणून कायदा झाला तेव्हा आमचे मॅनेजर मिस्टर रेडिक नुसते हसले होते. आता तोच कायदा टेबलावर येऊन बसला तसं हसू मावळलं. मग त्यांनी काय केलं असेल? रंगारी बोलावला. पाण्याच्या नळावरची ‘काळ्यांसाठी’ ही पाटी खरवडून काढली, मागच्या दारावरचीही काढली, आणि वर हिरवा रंग फासला. आपली आजारी माणसं मात्र अजून तळघरातच, बॉयलरच्या शेजारी घामाघूम पडून.

तपासायला सरकारचा माणूस येणार आहे. थिओटिस, माझे हात शिवशिवताहेत. चर्चमधल्या बायका अजून मला तोंडावर विचारतात, ज्या दारातून बहिणीला हाकललं त्याच दारात चादरी धुवायला जायची लाज कशी वाटत नाही गं तुला. मी माझी टोपी नीट करते आणि पुढे चालायला लागते. तुला बसमध्ये बसवताना तुझ्या कोटातून पिस्तूल काढून घेतलं, तेव्हा मी काय म्हटलं ते तुला ठाऊक आहे. रेडिक माझा. तू गोळी घातली असतीस तर तो एका क्षणात सुटला असता आणि तू झाडाला लटकला असतास. मला तो जिवंत हवा होता, आणि रोज डोळ्यांसमोर.

आता वेळ आली आहे असं वाटतं. प्रकृतीला जप. लोभ आहेच, पण तो कागदावरही दिसू दे.

तुझी
ओझेलाताई


डेट्रॉइट
ता. ६ मे १९६६

ती. ताईस,
थिओटिसचा सा. न. वि. वि.

रट्टा पोचला. कारखान्यात रंगाच्या खात्यात दुहेरी पाळी चालू आहे, घरी येतो तेव्हा नाकातून निळा रंग निघतो. आळस नाही, खरंच सांगतो. व्हर्लीन तुला नमस्कार सांगते. तिच्याबद्दल तुला काही लिहायचं आहे, पण ते या पत्रात नको.

ताई, तुझं पत्र मी जिन्यातच बसून वाचलं. तू एकटी राहतेस. तुझं घर लाकडाचं आहे. त्या गावात एक काडी ओढायला किती वेळ लागतो ते तू मला शिकवायला नको, आणि मी तुला नको. सरकारचा माणूस मोटारीतून येईल, कागदावर काहीतरी लिहील आणि मोटारीतून परत जाईल. तू तिथंच राहशील, आणि रेडिकही तिथंच राहील. त्यापेक्षा तू इकडे ये. इथे चादरी धुवायला यंत्रं आहेत, आणि घरात तुझ्यासाठी एक खोली मी आधीच बघून ठेवली आहे.

मी विसरलो असं मात्र मनात आणू नकोस. मी बोलत नाही एवढंच. पाद्रीबुवांचा ट्रक आवारात उभा करून मी मागच्या दारात गेलो, तेव्हा रेडिक गळ्यात जेवणाचा रुमाल अडकवून बाहेर आला होता. तळघर भरलंय, मॉन्टगोमरीला न्या, एवढं म्हणून त्यानं तोंड पुसलं. मी मान वर केली तर वरच्या मजल्याच्या खिडक्या उघड्या होत्या आणि आत ओळीनं खाटा दिसत होत्या. पांढऱ्या स्वच्छ चादरी, कोणी न झोपलेल्या. ट्रकमध्ये कोरीनच्या अंगाखालची गोधडी भिजून जड झाली होती. मॉन्टगोमरीच्या अर्ध्या वाटेवर ती गेली, आणि बाळ तिच्या पोटातच गेलं. त्या खाटा मला अजून दिसतात. कारखान्यात पांढरी गाडी रंगायला आली की मी दुसऱ्याला सांगतो.

तेव्हा विसरलो नाही. फक्त तुला गमवायचं नाही. उलट टपाली लिही, नाहीतर मी सुट्टी काढून तिथे येऊन धडकेन.

तुझा
थिओटिस


हार्लन्स फेरी
ता. २८ मे १९६६

चि. थिओटिस यास,
ताईचे आशीर्वाद. वि. वि.

खोली बघितलीस, बरं केलंस. तिच्यात तुझे रंगाचे कपडे वाळत घाल. मी येत नाही.

तुझ्या पत्राचा राग आला होता, पण आज मन इतकं प्रसन्न आहे की राग मावला नाही. नीट बसून वाच.

सरकारी माणूस गुरुवारी येणार असं कळलं. आदल्या दिवशी मी चादरींच्या खोलीत घड्या घालत होते. दाराबाहेर डॉक्टर कोलक्विट, म्हणजे आमच्या विश्वस्तांचे अध्यक्ष, रेडिकला सांगत होते की उद्या सकाळी तळघरातल्यांना वर हलवा, गोऱ्यांच्या मधेमधे पेरा, पाहुणा गेला की दुसऱ्या सकाळी पुन्हा खाली. रेडिक म्हणाला की गोरे पेशंट तयार व्हायचे नाहीत. त्यावर कोलक्विट म्हणाले, मग आपल्या कारकुनांना झोपवा. भिंतीपलीकडे मी आहे हे दोघांना ठाऊक होतं. पण चादरी धुणाऱ्या बाईला कान असतात हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नाही.

गुरुवारी नाटक झालं. आपल्या माणसांना माल चढवायच्या लिफ्टमधून वर नेलं. खाली तळघरात मोडक्या खुर्च्या रचून अडगळीची खोली केली. लाकूडगिरणीतले लोनी सग्ज आठवतात? त्यांचा पाय कापलाय. त्यांच्या शेजारच्या खाटेवर बिलांचा कारकून पायजमा घालून कण्हत होता. लोनीकाका नंतर मला म्हणाले की पोरी, त्यानं ब्लँकेटखाली बूट तसेच ठेवले होते, आणि साहेब वळले की सँडविच खात होता. हसता हसता त्यांचा टाका तुटायची वेळ आली.

तो सरकारी माणूस, मिस्टर ब्रेनर, चष्मा लावलेला, किडकिडीत, अगदी कोवळा. सगळीकडे मान डोलावत गेला, कॉफी प्यायला, छान छान म्हणाला. मला वाटलं, संपलं. हा गाढव वॉशिंग्टनला जाऊन सगळं उत्तम आहे असं सांगणार. 

पण संध्याकाळी तो पाद्रीबुवांच्या घरी जेवायला आला. आपल्या लोकांनाही विचारायचं असा त्याला हुकूम होता म्हणे. टेबलाभोवती दहाबारा माणसं बसली होती, आणि सगळ्यांचे डोळे ताटातल्या पालेभाजीवर. सगळं बरं आहे साहेब, सगळं बरं आहे. कोणाचा जावई इस्पितळात झाडू मारतो, कोणाचं घर कोलक्विटांच्या जमिनीवर आहे. मी त्यांना दोष देत नाही. तो पोरगा शेवटी माझ्याकडे वळला आणि म्हणाला, मिसेस बिव्हिन्स, तुम्हाला काय वाटतं? थिओटिस, गोऱ्या माणसानं मला मिसेस म्हणायची ती पहिली खेप. गावात तर दूधपितं पोरही मला ए ओझेला म्हणून हाक मारतं.

मी त्याला म्हटलं, तुम्हाला खरं बघायचं असेल तर उद्या नाश्त्यानंतर या. पुढच्या दारानं नको, लाँड्रीच्या दारानं. कडी मी काढून ठेवते. टेबलावर कोणीतरी काटा खाली ठेवला.

आणि तो आला! मी त्याला तळघरात घेऊन गेले. खुर्च्या आधीच हलवलेल्या, खाटा पुन्हा मांडलेल्या. तेवढ्यात लिफ्ट खडखडत खाली आली. दार उघडलं. आत लोनीकाकांची खाट, आणि घाई असल्यामुळे ती ढकलायला स्वतः मिस्टर रेडिक, बाह्या सरसावलेले. समोर आम्ही दोघं. रेडिकनं आधी ब्रेनरकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग तो माझ्याकडेच बघत राहिला. मी नजर खाली केली नाही. इतकी वर्षं मी त्या माणसासमोर नजर खाली करत आले, ती या एका सकाळसाठी.

लोनीकाका खाटेवरून म्हणाले, साहेब, वर हवा छान होती हो.

मला त्याच दिवशी काढून टाकलं. आज पहाटे स्वयंपाकघराच्या खिडकीतून वीट आली. साखरेचा डबा फुटला. मी पाद्रीबुवांकडे राहायला आले आहे, काळजी नको. पिस्तूल मी कुठे पुरलंय ते मला आठवतं, पण ते उकरायची गरज नाही. माझं हत्यार चष्मा लावतं.

जेवत जा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

ओझेलाताई


डेट्रॉइट
ता. ५ जून १९६६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विटेबद्दल तू एका ओळीत लिहितेस, जसं काही पोस्टमननं टाकली. मी उद्याच्या बसनं निघणार होतो. व्हर्लीननं दारात उभं राहून अडवलं. ती म्हणाली, त्या बाईनं तुला एकदा त्या गावातून जिवंत बाहेर काढलंय, ते फुकट घालवू नकोस. मग मी पुन्हा बसलो.

लिफ्टचं दार उघडलं तो भाग मी तीनदा वाचला. पाळीवरच्या माणसांना जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवला. ते टेबल बडवायला लागले. मी मात्र हसलो नाही ताई. मला फक्त वाटलं की मी तिथे असायला हवा होतो, लिफ्टमध्ये, त्याच्या पाठीमागे.

पण मला हे सांग, पुढे काय? तुझी नोकरी गेली. त्याची आहे.

तुझा
थिओटिस


हार्लन्स फेरी
ता. २४ जुलै १९६६

चि. थिओटिस यास,
आशीर्वाद. वि. वि.

पुढे काय म्हणून विचारलं होतंस. घे.

सरकारनं यादीतून इस्पितळाचं नाव कापलं. एक जुलै उजाडला आणि सगळ्या राज्यात म्हाताऱ्यांची बिलं सरकार भरायला लागलं, आमच्या गावात सोडून. आधी गोरे म्हणाले की आम्हाला वॉशिंग्टनची भीक नको. आठवडाभर छाती फुगवून हिंडले. मग त्यांच्याच आया आजारी पडायला लागल्या.

त्या मिसेस पिंकार्ड, आमची आई ज्यांच्याकडे जन्मभर रांधत होती, त्या पायरीवरून पडल्या. कमरेचं हाड मोडलं. इथे ठेवलं तर मुलांना शेत विकावं लागेल, म्हणून त्यांना मॉन्टगोमरीला नेलं. त्याच रस्त्यानं. मी चर्चच्या आवारात उभी होते तेव्हा गाडी समोरून गेली. प्रत्येक खड्ड्याला त्या ओरडत होत्या. तुला खोटं लिहीत नाही, मला बरं वाटलं. मी गाडी वळणाआड जाईपर्यंत उभी राहिले आणि मनात म्हटलं, आता कळू दे तो रस्ता किती लांब आहे. पाद्रीबुवांनी माझा चेहरा बघितला आणि म्हणाले, ओझेला, प्रार्थना कर. मी म्हटलं, तेच करतेय.

त्यानंतर गोरेच उठले. विश्वस्तांच्या सभेत म्हणे पिंकार्डांच्या मुलानं टेबलावर मूठ आपटली की माझ्या आईला काळ्या बाईशेजारी झोपवा, बॉयलरशेजारी झोपवा, पण इथे झोपवा. न्यायासाठी नाही रे, बिलासाठी. मला चालतं.

इस्पितळ नमलं. तळघर रिकामं केलं. लोनीकाका वर, खिडकीपाशी. पण सरकारनं विचारलं की आधीच्या फसवणुकीला जबाबदार कोण? तेव्हा कोलक्विट आणि सगळ्या विश्वस्तांनी बोट दाखवलं रेडिककडे. म्हणे आम्हाला पत्ताच नव्हता, सगळं त्यानं परस्पर केलं. रेडिकला काढलं. मला मात्र परत बोलावलं, सरकारच्या सांगण्यावरून. पहिल्याच दिवशी मी मुद्दाम पुढच्या दारानं आत गेले.

तुला वाटेल, झालं मन शांत. नाही झालं. मिस्टर ब्रेनर पुन्हा येऊन गेले तेव्हा मी त्यांना कोरीनचं सगळं सांगितलं. ते चष्मा पुसत ऐकत राहिले. मग म्हणाले, मिसेस बिव्हिन्स, मला फार वाईट वाटतं, पण ते कायद्याच्या आधीचं आहे, माझा हात तिथवर पोचत नाही. चांगला मुलगा आहे. पण मी त्या दिवशी चादरी इतक्या पिळल्या की एक फाटली.

सरकारचा हात पोचत नसेल. माझा पोचतो.

व्हर्लीनला सांग, दारात उभी राहिल्याबद्दल मी तिची आभारी आहे. आणि तुला तिच्याबद्दल जे लिहायचं होतं ते लिही की एकदा. मी काय खाणार आहे तुला?

ओझेलाताई


हार्लन्स फेरी
ता. २१ ऑगस्ट १९६६

चि. थिओटिस यास,
ताईचे आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र लिहायला मी रविवारची वाट बघितली, कारण सगळं एकदम सांगायचं होतं.

पाद्रीबुवांकडून मी माझ्या घरी परत आले आहे. बुधवारी दुपारी मी ओसरीवर शेंगा सोलत होते, आणि फाटकापाशी रेडिक दिसला. टोपी हातात. थर्मन रेडिक, माझ्या फाटकापाशी, टोपी हातात घेऊन! आणि म्हणतो काय, मिसेस बिव्हिन्स, दोन मिनिटं बोलू का? मी सोलत राहिले. तो पायऱ्यांखाली उन्हात उभा राहिला.

त्याचं काम असं होतं. त्याला कुठेच नोकरी मिळत नाही. फसवणूक करणारा म्हणून नाव झालंय. मिस्टर ब्रेनर या आठवड्यात शेवटचे येणार, त्यांना मी सांगावं की हुकूम कोलक्विटचा होता. त्या दिवशी चादरींच्या खोलीत तुम्ही होतात, तुम्ही ऐकलंत, तुमचा शब्द ते मानतात, असं म्हणाला. म्हणजे मला कान आहेत हे त्याला शेवटी कळलं तर.

मी विचारलं, मी तुमच्यासाठी का बोलू? तो म्हणाला, कारण ते खरं आहे. मला हसूच फुटलं. मग मी टोपली खाली ठेवली आणि म्हटलं, आधी तुम्ही मला एक खरं सांगा. कोरीनला का परत पाठवलंत?

त्यानं विचारलं, कोण कोरीन?

थिओटिस, मी नऊ वर्षं त्या माणसाचे टॉवेल धुतले. त्याच्या मनात कुठेतरी तिचा काटा असेल, मला बघून तो कधीतरी सलत असेल, असं मी धरून चालले होते. काहीच नव्हतं. तो आठवायचा खरोखर प्रयत्न करत होता आणि त्याला ती सापडत नव्हती. त्या क्षणी मला पिस्तुलाची आठवण आली हे तुझ्यापासून लपवत नाही.

पण मी उठले नाही. मी सांगायला लागले. ट्रक, गोधडी, तुझे रक्ताळलेले हात, तुला वर दिसलेल्या खिडक्या, सगळं. ती शाळेत म्हणायची ती गाणी सांगितली. बाळासाठी तिनं विणलेले मोजे सांगितले, आणि ते मी तिच्याबरोबर पुरले तेही सांगितलं. ऊन तापलं होतं, त्याचा शर्ट अंगाला चिकटला. एकदा तो म्हणाला की रोज कितीतरी परत जायचे, सगळे कसे लक्षात राहणार? मी म्हटलं, हे तुम्ही आत्ता काय बोललात ते तुमचं तुम्ही ऐका.  मग मी म्हटलं, आता तिचं नाव घ्या. पूर्ण, लग्नानंतरचं, आणि आधी मिसेस लावून.

त्यानं घेतलं. मिसेस कोरीन टेट. मी म्हटलं, ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा घेतलं.

शुक्रवारी मी ब्रेनरना कोलक्विटचं बोलणं शब्दन्‌ शब्द सांगितलं. कोलक्विटला अध्यक्षपद सोडावं लागलं, शनिवारी सकाळी त्यांची मोटार भरताना सगळ्या गावानं बघितलं. रेडिकला वाटलं असेल की तो सुटला. पण मी ब्रेनरना दुसरंही सांगितलं, की हुकूम मिळाल्यावर खाटा ढकलणारे हात याचे होते आणि त्यानं एकदाही नको म्हटलं नाही. दोघांनाही एकमेकांच्या आड लपायला जागा ठेवली नाही मी. रेडिकनं घर विकायला काढलं आहे. मी येताजाता ती ‘विकणे आहे’ची पाटी बघते.

आता तुझं. व्हर्लीनशी लग्न कर. तू माझ्या परवानगीसाठी अडून बसला होतास हे मला केव्हाच कळलं होतं, आणि मी मुद्दाम कळत नाही असं दाखवत होते. तू सुखी झालास तर कोरीनसाठी दात खाणारं दुसरं कोणी उरणार नाही अशी भीती होती मला. आता ती भीती नाही. माझं काम मी केलं, तू तुझं कर. लग्नाचा केक मी पाठवीन. तिचं रताळ्याचं प्रकरण नको.

दोघांवर जीव आहे.

ओझेलाताई


डेट्रॉइट
ता. ३० ऑगस्ट १९६६

ती. ताईस,
थिओटिस आणि व्हर्लीन दोघांचा सा. न. वि. वि.

ऑक्टोबरात लग्न करतो. तू आल्याशिवाय पाद्री तोंड उघडणार नाही, अशी अट मी आधीच घातली आहे.

तुझं पत्र मला मोठ्यानं वाचता आलं नाही, व्हर्लीननं वाचलं. मी पाठ फिरवून ऐकत होतो. कोण कोरीन, हे शब्द आले तेव्हा मी भिंतीवर हात मारला, तो अजून सुजलेला आहे, म्हणून अक्षर असं. मग तिचं नाव आलं, दोनदा आलं, आणि मी खाली जमिनीवरच बसलो.

एकच विचारतो. मी तिथे नव्हतो, म्हणून विचारतो. तिचं नाव घेऊन झाल्यावर तो कसा दिसत होता?

तुझा
थिओटिस


हार्लन्स फेरी
ता. ६ सप्टेंबर १९६६

चि. थिओटिस आणि चि. व्हर्लीन यांस,
ताईचे दोघांना भरभरून आशीर्वाद.

ऑक्टोबरात येते. स्टेशनवर घ्यायला ये, उशीर करू नकोस.

विचारलंस म्हणून सांगते. म्हातारा दिसत होता. पायरीच्या कठड्याला धरून उभा होता. ओसरीवरच्या माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होता.

मी त्याला बसा म्हटलं नाही.

तुमची
ओझेलाताई